आपल्या नद्यांतले मासे, चढणीची वाट आणि आपण गळवाले

मुळाकाठ (धागाकर्ता)

गळवाल्यांच्या कुठल्याही गटात जा, पाऊस ओसरला की एकच विचारणा सुरू होते: "कुठे लागतंय?" मला इथे थोडं वेगळं विचारायचं आहे. जिथे लागतंय तिथे नेमकं काय लागतंय, आणि त्याच पाण्यात आधी काय लागायचं?

माझं पाणी मुळशी-मावळातलं. धरणांच्या वर, ओढे अजून दगडगोट्यांतून वाहतात तिथे खडची आहे (आपल्यातले बरेच जण महसीरच म्हणतात). धरणाखाली शहराकडे सरकत गेलं की सगळ्यात आधी ती नाहीशी होते, मग शिंगाळा कमी होतो, आणि शेवटी चिलापी, मांगूर आणि मरळ उरतात. याच खडचीची पहिली शास्त्रीय नोंद साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली केली, तीही पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. टॉर खुद्री हे तिचं आजचं शास्त्रीय नाव. आठ मैल म्हणजे साधारण मांजरीच्या आसपासचं पाणी. तिथे आज पुलावर थांबवत नाही.

मैलापाणी, वाळूउपसा, धरणं ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. ज्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही ते म्हणजे चढण. पावसाळ्यात पाणी वाढलं, गार झालं की खडची प्रवाहाच्या उलट वर जाते. खळाळत्या, स्वच्छ पाण्यात गोट्यांच्या जागी अंडी घालते. अंडी जड असतात, बुडतात आणि दगडांच्या सांदीत बसतात. सांदीत गाळ असेल तर ती गुदमरतात. गोटेच उचलून नेले असतील तर बसायला जागा नाही. वाटेत भिंत असेल तर मादी तिथवर पोचतच नाही. रोहू-कटल्याच्या मानाने खडचीची अंडीही कमी. म्हणून चढणीचे दोन-तीन हंगाम ओळीने वाया गेले की त्या ओढ्यात लहान खडची दिसेनाशी होते. मोठी मात्र काही वर्षं लागत राहते आणि आपण समजतो की सगळं ठीक आहे.

आपण गळवाले यात काय करू शकतो, यावर बोलूया. "नदी वाचवा" एवढ्यावर थांबू नका. आपापल्या पाण्याचं सांगा.

कृष्णाकाठचा

सांगलीकडचं सांगतो. २०२३ च्या मार्चमध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, बातम्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. पंचगंगेवर तर हे आता दर एक-दोन वर्षांनी होतं. पुढाऱ्यांच्या भेटी होतात, पाण्याच्या बाटल्या भरून नेतात, पुढं काय झालं ते कळत नाही.

मी त्या दिवसांत घाटावर होतो. पहाटे पाण्याच्या अगदी वरच्या थराला हजारो तोंडं उघडझाप करत होती. लहान मासे काठाच्या बोटभर पाण्यात येऊन पडलेले. वामसुद्धा चिखलातनं बाहेर आलेली. वाम म्हणजे तळ धरून राहणारा मासा, ती वर आली म्हणजे खाली श्वास घ्यायला काही उरलेलं नाही. मेलेल्या माशांचे कल्ले उघडून पाहिले, लाल नव्हते, मातकट झाले होते.

हे पहाटेच का होतं तेही नोंदवून ठेवा. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती आणि जिवाणू प्राणवायू वापरतात, उजेड नसल्यानं नवा तयार होत नाही, त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू धरला आहे. कुणी दुपारी दोन वाजता नमुना घेऊन "पाणी बरं आहे" म्हणत असेल, तर त्याला विचारायचं की पहाटे चारला किती होता?

आणि मुळाकाठ, तुमचा मुद्दा पुढं नेतो. लोक म्हणतात, "मासे आहेत की अजून!" मरळ आणि मांगूर वर येऊन हवेतनं श्वास घेतात. चिलापी पिल्लं तोंडात सांभाळते, तिला गोटेही लागत नाहीत आणि स्वच्छ पाणीही नाही. हे तीन मासे सापडले म्हणजे नदी जिवंत आहे असं धरू नका. उलट फक्त हेच तीन सापडत असतील तर काळजी करा.

भोईवाडा

मी गळवाला नाही. आमचं घराणं जाळ्यावर जगलेलं, उजनीच्या पाण्यावर. धागा वाचून गप्प बसवलं नाही.

तुम्ही मासा धरता, फोटो काढता, सोडता. आम्ही धरतो आणि विकतो. त्यावरून तुमच्यातले काही जण आम्हाला नदीचे शत्रू समजतात, हे मी काठावर ऐकलेलं आहे. पण वडाप (बारीक भोकांचं जाळं) लावून बोटाएवढी पिल्लं ओढणारा आणि मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची जाळी टाकणारा यांत फरक करा. वडापवाला आमच्याही पोटावर पाय देतो. तक्रार आम्हीच करतो, आणि रात्री काठावर धमक्याही आम्हालाच मिळतात.

उजनीत चिलापी किती आहे ते भिगवणच्या बाजारात जाऊन पाहा. चिलापीनंच आता घरं चालतात, खोटं कशाला बोलू. पण वडील ज्या माशांची नावं घ्यायचे त्यांतली निम्मी माझ्या पोरांनी पाहिलेली नाहीत. अलीकडे जाळ्यात तो काटेरी सकर मासा येतो. त्याला खायला कोण घेत नाही, आणि काढताना जाळं फाटतं ते वेगळंच. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतला नदीत सोडला आणि आता तो सगळीकडे झाला. शहरातल्या लोकांना एवढं तरी सांगा, की टाकीतले मासे नदीत सोडणं पुण्य नाही.

मत्स्यविद्यार्थी

भोईवाडा दादा, तुमचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. चिलापी आपल्याकडे १९५२ मध्ये आणली ती सरकारी प्रयत्नातूनच, गरिबांना स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. हेतू चांगला होता, परिणाम आपल्यासमोर आहे. तीच गोष्ट रोहू, कटला, मृगळ यांची. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे, आपल्या द्वीपकल्पातल्या नद्यांत ते बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून आलेत.

मला बोलायचंय ते बोटुकलीवरच. प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतं, "खडचीची बोटुकली आणून सोडू, प्रश्न मिटेल." लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरचं कृत्रिम प्रजनन केलं, ते जगात नावाजलेलं काम आहे. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत टॉर खुद्री आज 'धोक्यात' या वर्गात नाही, 'सर्वांत कमी चिंता' या वर्गात आहे. या कामाबद्दल मला आदर आहे.

पण त्याच माशाची दुसरी बाजू कावेरीत आहे. कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, केशरी परांचा. १९४६ साली काबिनीत गळाला लागलेला १२० पौंडांचा मासा गळवाल्यांना ठाऊक असेलच. त्या खोऱ्यात लोणावळ्याहून आलेली निळ्या परांची खडची सोडली गेली. ती तिथे फोफावली, आणि मूळचा मोठा महसीर घटत गेला. गंमत नाही, पण इतक्या प्रसिद्ध माशाला नक्की शास्त्रीय नाव मिळायला २०१८ उजाडलं. टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो 'अतिशय संकटग्रस्त' यादीत गेला. आणि त्याची घट लक्षात आली त्यात गळवाल्यांच्या छावण्यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या वह्यांचा मोठा हात होता: कुठल्या दिवशी कुठला मासा, वजन किती. तो अभ्यास त्या नोंदींवर उभा आहे.

तेव्हा कुठलीही बोटुकली कुठल्याही खोऱ्यात टाकू नका. भीमेची खडची भीमेत, वैतरणेची वैतरणेत. आणि अंडी घालायची जागाच नसेल तर भीमेचीही टाकून उपयोग नाही, दरवर्षी टाकत राहावं लागेल.

मुळाकाठ (धागाकर्ता)

नोंदींचा मुद्दा अगदी पटला. बोटुकली सोडायचा कार्यक्रम फोटोत छान दिसतो, पाहुणे येतात. ओढ्याच्या तोंडाशी वाळूचा ट्रॅक्टर अडवण्याचा फोटो कोणी काढत नाही. पण मला विचाराल तर शंभर बोटुकल्यांपेक्षा तो एक अडवलेला ट्रॅक्टर मोलाचा.

दाभोळ_पासून_वर

कोकणातल्या मंडळींना 'वलगण' सांगायला नको. मिरगाचा पाऊस लागला, ओहोळ भरले, की मासा वर चढतो, भातखाचरापर्यंत. आणि माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन त्याच रात्री बाहेर पडतात. पोटात अंडी गच्च भरलेली मादी पकडायची ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पूर्वी कोयता आणि खोयन (मासे धरायचं साधन) घेऊन दोन-चार घरं जायची, तेव्हा नदीला ते झेपत होतं. आता तालुक्याच्या गावातून गाड्या येतात, वळणावर आडवी जाळी बांधतात, काही जण इन्व्हर्टर लावून पाण्यात शॉक देतात. शॉक दिलेल्या जागी अर्धा मासा तरंगतो आणि अर्धा तळाशी मरून राहतो.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळे पाळतात, निदान पाळायचं असतं हे माहीत असतं. नदीत चढणाऱ्या माशाला तसं अभय माझ्या भागात मी कधी पाहिलं नाही. स्फोटकं आणि विष यांवर बंदी तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून आहे. सव्वाशे वर्षं झाली. उन्हाळ्यात डोहात गेळ (मासे गुंगवणारं रानफळ) कुटून टाकणं आमच्याकडे अजून चालतं, आणि हल्ली तर गेळाच्या जागी फवारणीचं औषध आलंय. गेळाने गुंगलेला मासा काही वेळा सावरायचा. औषधाने डोहातला किडासुद्धा उरत नाही.

उलट उदाहरणही आमच्याकडेच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह, तिथे मासे मारत नाहीत, लोक लाह्या टाकतात आणि हातभर लांबीच्या खडच्या वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरालाही तसंच. कायद्याचा माणूस तिथे उभा नसतो. गावाने ठरवलंय म्हणून चालतं. असे डोह मोजके आहेत, आणि गावागावांत ते वाढवणं आपल्या हातातलं आहे.

थेम्सवरून

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, इथे नदीवर गळ टाकतो. तुलना करण्यात अर्थ नाही हे कळतं, पण दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

इथे तेराव्या वर्षापासून पुढे प्रत्येकाला गळाचा परवाना लागतो आणि तो पैसा माशांच्या कामाला जातो. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ बंद, कारण तो अनेक माशांचा विणीचा काळ. म्हातारे गळवालेच ते सगळ्यात कडक पाळतात. इथेही पावसात मैलापाणी नदीत सोडतात, त्यामुळे सगळं स्वर्गासारखं आहे असं मुळीच नाही.

तरी एक गोष्ट मला फार आवडते. गळवाल्यांचे गट ठरलेल्या जागी दर महिन्याला पाण्यात उतरतात, तीन मिनिटं पायाने तळ ढवळतात, मागे जाळी धरतात, आणि जाळीत आलेले पाण्यातले किडे मोजून लिहून ठेवतात. किड्यांचे ठराविक गट आहेत. ते अचानक कमी झाले की वर कुणीतरी काहीतरी सोडलंय हे कळतं, आणि सरकारी यंत्रणेला फोन जातो. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासातली. १९५० च्या दशकात डर्बी इथल्या गळवाल्यांच्या संघटनेने डरवेंट नदी घाण केल्याबद्दल एका कापड कारखान्याला, शहराच्या महापालिकेला आणि वीज मंडळाला एकाच खटल्यात कोर्टात खेचलं आणि १९५३ मध्ये अपिलातही जिंकले. मैलापाणी, रसायन आणि गरम पाणी, तिन्हीवर मनाई हुकूम मिळाला. जिंकले कारण त्या पाण्यातल्या मासेमारीचा हक्क त्यांच्याकडे होता.

बंधारा_ओव्हरसियर

निवृत्त माणूस आहे, पाटबंधाऱ्याच्या कामांवर आयुष्य गेलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल बोलतो, कारण कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात माशाची वाट सगळ्यात जास्त वेळा तिथेच अडते.

हे बंधारे माशाला पूर्ण बंद नसतात. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात, पाणी खांबांमधून वाहतं, आणि पावसाळा संपता संपता बरगे परत बसवतात. म्हणजे चढणीच्या काळात दारं उघडीच असतात. अडचण खाली असते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी काँक्रीटचा सपाट भाग असतो, तो वर्षानुवर्षं खणत जातो आणि शेवटी हातभर-दोन हात पायरी तयार होते. पाणी त्यावरून पातळ थरात जोरात पडतं. मोठी खडची उडी मारेलही, लहान मासा नाही. दुसरी अडचण म्हणजे बरगे काढायला उशीर होतो, किंवा दोन-चार गाळ्यांचे अडकून तसेच राहतात.

उपाय महाग नाही. पायथ्याच्या खालच्या बाजूला मोठे दगड रचून उतार केला तर पायरी मोडते आणि पाण्यात थांबायला खळगे तयार होतात. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पायथ्याचं काम असतंच, त्यात हे बसतं. पण कुणी मागितलं पाहिजे. माझ्या नोकरीत शेतकरी पाण्यासाठी आले, वीटभट्टीवाले आले, पुलावरून गाडी नेण्यासाठी आले. माशांसाठी कुणी अर्ज घेऊन आलेलं मला आठवत नाही.

रविवारचा_गळ

सोडून देण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मासा सोडला म्हणजे तो जगलाच असं नाही. हुकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून उभा लटकवू नका. खडचीच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात, त्यामुळे बोट खोल घालून हुक काढायला जाऊ नका, तिचंही आणि तुमचंही नुकसान. सोडताना पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीच्या मुळाशी हलका आधार द्या. ती स्वतः शेपूट झटकून निघेल तेव्हाच हात काढा. उन्हाळ्यात कोमट पाण्यात लांबवर खेळवलेली मोठी खडची सोडल्यावरही मरू शकते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिच्यामागे लागूच नका.

मत्स्यविद्यार्थी

आणि एक सावधगिरीची गोष्ट. अभयारण्यात गळ टाकून सोडून देणंसुद्धा वन्यजीव कायद्याखाली शिकारच धरलं जातं. कावेरीवरच्या छावण्या त्याच कारणाने २०१० नंतर बंद झाल्या. कोयना, चांदोलीच्या भागात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, रॉड घेऊन जाऊ नका. तिथलं पाणी तसंच राहू दे. खालच्या नद्यांत पुन्हा मासा भरायचा असेल तर असे अस्पर्श पट्टे लागणारच आहेत.

भोईवाडा

थेम्सवरच्या दादांचं डर्बीचं वाचून एक सुचलं. हक्काचा कागद तुमच्याकडे नाही, आमच्याकडे आहे. धरणाच्या पाण्याचा मासेमारीचा ठेका मत्स्य सहकारी संस्थेच्या नावावर असतो, दरवर्षी पैसे भरल्याची पावती असते. मासे मेले तर नुकसान कुणाचं हे आम्हाला कागदावर दाखवता येतं. हरित लवादाचं पश्चिमेचं खंडपीठ पुण्यातच बसतं. पण आमच्या संस्थेत पहाटे पाणी मोजणारा नाही, इंग्रजीत अर्ज लिहिणारा नाही, नोंदी नाहीत. ते तुमच्याकडे आहे.

कृष्णाकाठचा

हे सगळ्यात पटलं. आमच्याकडं मासे मेल्यावर धावपळ होते, पण "आधी इथं काय होतं" याचा पुरावा मागितला की हात रिकामे. नोंदवही असती तर बोलता आलं असतं.

मुळाकाठ (धागाकर्ता)

मग असं करू. मी एक साधा तक्ता करतो, मराठीत, कागदावर भरता येईल असा. जागा म्हणून फक्त नदी आणि जवळचा बंधारा किंवा डोह, नकाशावरची अचूक खूण नको. ती बाहेर पडली की सुरुंगवालेही तिथेच पोचतात. मासा, अंदाजे लांबी, पिल्लं दिसली का. रिकाम्या हाताने परत आलात तर तेही लिहा. त्यासोबत दगड उलटून पाहायचा रकाना: वाळूच्या कणांचं घर करून दगडाला चिकटलेली अळी, तीन शेपट्यांचा चपटा किडा, की नुसत्या लाल, गांडुळासारख्या अळ्या. पहिले दोन असले तर पाणी बरं, नुसत्या लाल अळ्या म्हणजे प्राणवायू कमी.

ओव्हरसियर काका, बंधाऱ्याच्या पायथ्याच्या अर्जाचा मसुदा तुम्ही कराल का? कुठल्या कार्यालयाला, कुठल्या शीर्षाखाली, हे तुमच्याइतकं आम्हाला कळणार नाही. आणि जून ते सप्टेंबर ओढ्यांच्या तोंडाशी आपण स्वतः गळ टाकायचा नाही, हे या धाग्यापुरतं तरी ठरवूया. कायदा येईल तेव्हा येईल.

बंधारा_ओव्हरसियर

करतो. मार्चअखेरच्या आत दिला पाहिजे, नंतर बरगे काढायची आणि दुरुस्तीची कामं एकदम येतात. ज्यांना अर्ज द्यायचा आहे त्यांनी आपापल्या बंधाऱ्याचा खालच्या बाजूचा फोटो पाणी आटल्यावर काढून ठेवा, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे पायरी किती ते दिसेल.

भोईवाडा

तक्त्यात बाजाराचाही रकाना ठेवा. नदीवर दिसली नाही तरी कुठल्या बाजारात कधी किलोभर खडची आली, कुठल्या पाण्यातली होती, हे आमच्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. विक्रीला त्याच बसतात. छापील पन्नास प्रती पाठवा, भिगवण आणि इंदापूरच्या बाजाराचं मी बघतो.